ज्याचा त्याला

शिवशरण सर भवानी पेठेत कॉम्प्युटर शिकवायचे. पोरं त्यांना पाठीमागं 'बुवा' म्हणायची, कारण पायथनसुद्धा ते आधी निरूपण, मग दृष्टांत अशाच चालीनं सांगत. हे वेड आईचं. मठात शिवकीर्तन ऐकून गिरिजाबाई घरी आल्या, की सगळं आख्यान लेकाला पुन्हा सांगायच्या.

त्याच गिरिजाबाई आता दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत होत्या. तपासणीला नेताना कुणीतरी त्यांच्या गळ्यातलं इष्टलिंग डबीसकट काढून ठेवलं, ते पुन्हा दिसलंच नाही. तान्हेपणी मठाच्या स्वामींनी बांधलेलं, जन्मभर रोज सकाळी डाव्या तळव्यावर घेऊन पुजलेलं. मेल्यावर लिंगायत रीतीनं मातीत बसवतानाही तेच हातात असायला हवं.

"शिवू, माझा देव कुटं हाय रं?" एवढंच त्या विचारत राहिल्या.

सरांनी खाटांखाली बघितलं, धुण्याची गाठोडी सोडली. शेवटी हरले, आणि देवळाबाहेरच्या दुकानातून तसंच काळं, गुळगुळीत लिंग आणून 'सापडलं' म्हणत आईच्या हातावर ठेवलं. आईनं त्यावरून बोटं फिरवली, मूठ मिटली. मग काही विचारलं नाही. फसली बिचारी, सरांना वाटलं; निदान जीव तरी शांत झाला.

दुसऱ्या दिवशी शिकवणीला नवी पोरं बसली होती. क्लास म्हणजे वस्तू कशी असावी याचं वर्णन, ऑब्जेक्ट म्हणजे त्यावरून खरोखर घडलेली वस्तू, असं सांगून सरांनी 'डबी' नावाचा क्लास लिहिला आणि त्यातून दोन डब्या घडवल्या. मोहोळची पायल म्हणाली, "सर, दोन्हींचा रंग एक, वजन एक. मग एक पुसून दुसरी वापरली तर बिघडलं कुटं? द्या की दृष्टांत."

पोरं खिदळली. सर बोलू लागले. सारख्या आहेत, पण एक नाहीत. कॉम्प्युटर दोघींना वेगळी जागा देतो. "आणि घडल्यावर एकीवर जे जे गुजरलं, ते दुसरीला ठाऊकच नसतं, बाई."

आपलंच वाक्य सरांच्या कानावर पडलं. आईला खरं सांगायचं, म्हणून शिकवणं अर्धवट टाकून ते दवाखान्यात धावले.

दारातच बहीण धनलक्ष्मी रडत उभी होती. आई नुकतीच गेली होती.

"जाताना म्हणली, शिवूनं चुकून दुसऱ्याच कुणाचा देव आणलाय. ज्याचा हाय त्याला नेऊन दे म्हणावं. त्यो बी शोधत असंल."

रुद्रभूमीत आईला खड्ड्यात बसवलं. विधीला आलेल्या स्वामींनी इष्टलिंगाचं विचारलं. मूठ उघडेना.

"हातातलं तिचं न्हाय, स्वामी," शिवशरण म्हणाले. "कुणाचंच न्हाय."

स्वामींनी त्या मिटल्या मुठीलाच विभूती लावली, बेल वाहिला आणि माती लोटायला सांगितलं.

परक्याची ठेव म्हणून आईनं जे जपलं, ते शोधत कुणीच येणार नव्हतं. आणि तिचं जे होतं, ते कुठंतरी, कुणाच्या तरी कपाटात, तिच्या हाताविना पडलं होतं.