पाहुण्यांसाठी राखीव

मी एक काचेचा डबा बोलतोय. आवाज जड वाटला तर समजून घ्या. माझं बरंचसं आयुष्य फ्रीजरच्या मागच्या कोपऱ्यात गेलं आहे, आणि तिथे घसा न बसलेला कोणी मला अजून भेटलेला नाही.

जन्म कारखान्यातला. भट्टीतून निघालो तेव्हा अंगाची नुसती लाही लाही होत होती. पुढे थंडीत दिवस काढायचे आहेत असं कोणी म्हटलं असतं, तर बरंच वाटलं असतं. मग झाकण आलं, झाकणाला चारी बाजूंनी खटके आले, आणि मी दुकानात मांडला गेलो.

"बाई, आधी करून यात भरून ठेवायचं," दुकानदार मालकीणबाईंना म्हणाला. "पाहुणे आले की नुसतं गरम करायचं. तुम्ही आपल्या निवांत गप्पा मारत बसा."

या शेवटच्या वाक्यावर मी विकला गेलो.

त्याला कारण होतं. मालकीणबाईंची थोरली बहीण, ताई, दरवर्षी चार दिवस राहायला यायची. ताई आली की मालकीणबाई ओट्याशी उभ्या राहत, ते ती जायला निघेपर्यंत. ताईशी गप्पा मारायचं काम मास्तरांकडे. मास्तर म्हणजे मालक. ते शाळेत गणित शिकवतात, तेव्हा गप्पा कशा होत असतील याची कल्पना करा. मागच्या खेपेला निघताना ताई म्हणाली होती, "चिमे, तुला भेटायला म्हणून येते आणि तुझी पाठ बघून जाते." ते वाक्य मालकीणबाईंना लागलं. पुढच्या वेळी ताईजवळ बसायचंच, असं त्यांनी ठरवलं, आणि त्या निश्चयाचा पहिला हप्ता म्हणून मला घरी आणलं.

उन्हाळ्यात टोमॅटो स्वस्त झाले. मालकीणबाईंनी भाज्यांचा दाट रस्सा केला, निवू दिला आणि माझ्यात भरला. खटके लागले. दार बंद झालं, दिवा गेला.

आत ऋतू नसतात. बाहेर काय चाललं आहे ते शेजारी कोण येतं त्यावरून ओळखायचं. मक्याचे दाणे आले की पावसाळा. मटार आले की थंडी, म्हणजे बाहेरही. भोपळ्याचं सूप आलं, भाजलेली वांगी आली, लसणाचं वाटण आलं. सगळे पाहुण्यांसाठी राखीव. गर्दी वाढली तसा मी मागे मागे सरकत गेलो. अंगावर बर्फाची दाढी वाढली.

संध्याकाळी मास्तर दार उघडून आत डोकावत. तेवढाच उजेड.

"अगं, आज हा काढू या का?"

"हात लावू नका हं. पाहुण्यांचं आहे ते."

"मग आपण काय खायचं?"

"दुपारचं आहे की. तुम्ही काय पाहुणे आहात?"

मास्तर दार लावून घेत. दुपारचं, सकाळचं, क्वचित कालचंही ते मुकाट खात. मला त्यांच्याविषयी आपलेपणा वाटे. आम्ही दोघेही तिच्याच निश्चयाचे बळी.

एकदा खरोखरच पाहुणे आले, मास्तरांच्या शाळेतले. मालकीणबाईंनी मला खेचून ओट्यावर ठेवलं. खिडकीतून ऊन येत होतं. काचेवरचा बर्फ सुटायला लागला, आणि माझी खात्री झाली, सुटलो! तेवढ्यात त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "छे बाई, पाहुण्यांना काय हे शिळं वाढायचं? लोक काय म्हणतील?" रस्सा सुटायच्या आत मी पुन्हा आत गेलो. मास्तरांना पिशवी देऊन ताज्या भाजीसाठी पिटाळलं गेलं.

तेव्हा माझी परिस्थिती मला कळली. मी पाहुण्यांसाठी होतो म्हणून घरच्यांना मिळत नव्हतो, आणि शिळा होतो म्हणून पाहुण्यांना चालत नव्हतो. अशा कागदाला कचेरीतही कायम कपाटातच ठेवतात.

मटार येऊन गेले आणि ताई आली. या वेळी तिचा गुडघा धरला होता. घर आवरून ती आता लेकाकडे कायमची जाणार होती, फार लांब. पुन्हा येणं कठीणच. मालकीणबाईंना हे ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी रोज दोन पदार्थ जास्त केले.

"चिमे, येतेस का गं जरा बाहेर?" ताईचा आवाज यायचा.

"आलेच!" मालकीणबाई म्हणायच्या, आणि कढईत काहीतरी पडल्याचा आवाज व्हायचा.

शेवटच्या दिवशी सकाळी ताई गुडघ्याला लावायला बर्फ शोधत आली. तिने दार उघडलं आणि बघतच राहिली.

"अगं, हे काय? दुकान काढतेस की काय?"

"तुझ्यासाठीच केलं होतं," मालकीणबाई कणीक मळता मळता म्हणाल्या. "आधी करून ठेवलं, म्हणजे तू आलीस की तुझ्याजवळ बसता येईल."

"मग बसली का नाहीस?"

"तुला शिळं कसं वाढणार, ताई? चार दिवसांची पाहुणी तू."

ताईने हात लांब करून गॅस बंद केला. "मास्तरांना वाढतेस ना शिळं?"

"ते घरचे आहेत."

"आणि मी?"

कणकेतले हात थांबले. ताईने मला ओढून काढलं आणि कोमट पाण्याच्या पातेल्यात बसवलं. आता मला विरघळायला वेळ लागतो. घाई करून उपयोग नसतो, आणि त्या वेळात कोणाला काही कामही नसतं. दोन्ही बहिणी स्टुलांवर बसल्या.

"लेक चांगला आहे, सूनही चांगली आहे," ताई म्हणाली. "पण मला भीती वाटते गं. ती रोज ताजं करून वाढेल आणि मला बाहेर बसवून ठेवेल. जन्मभराची पाहुणी व्हायचं म्हणजे..."

मालकीणबाईंनी कणकेच्याच हाताने तिचा हात धरला. रस्सा सुटला, मग पातेल्याखाली गॅस लावल्यावर हळूहळू गरम झाला. मास्तर हाक न मारताच आले. तिघांनी माझ्यातूनच वाढून घेतलं. रश्श्यात मीठ कमी होतं. कोणी मागितलं नाही.

जाताना ताईने मला मागून घेतलं. "हा मला दे. तिकडे लागेल."

आता मी ताईच्या लेकाच्या घरी आहे. सून खरंच गुणी आहे. "आईंचा आठवणीचा डबा आहे, फुटायला नको," म्हणून तिने मला कपाटात सर्वांत वर, कापडात गुंडाळून ठेवलं आहे. इथे थंडी नाही. बाकी सगळं तेच.

खालून रोज आवाज येतो. "काही करू का गं?" "नाही हो आई, तुम्ही आरामात बसा. गरमगरम आणते." ताई बाहेर बसते. सून ओट्याशी उभी असते, पाठमोरी.

सूनबाई, तुझ्या हातात हे कपाट आहे. कालचं काही उरलं असेल तर मला खाली काढ. माझ्यात घालून गरम कर, आईंना वाढ, आणि तिथेच बस.