अख्खी करंजी

डिसेंबर लागला की कोल्हापुरातल्या त्या चर्चच्या बायकांना दोन गोष्टी आठवायच्या. एक प्रभू येशूचा जन्म आणि दुसरी सलोमी आवळे. त्यातली पहिली पंचवीस तारखेपर्यंत दम धरायची. दुसरीला महिना निम्म्यावर यायच्या आधीच बोलावणी सुरू व्हायची.

कारण करंजी. सलोमीनं काठाला मुरड घातलेली करंजी कढईत कधी फुटली नाही. बाकीच्यांच्या फुटायच्या, सारण तेलात उतरायचं, तेल काळं व्हायचं आणि घरात नाताळच्या तोंडावर नको ते बोलणं व्हायचं. पहिल्या वर्षी पाळकसाहेबांच्या बायकोचा हात भाजला होता, म्हणून सलोमी आपणहून त्यांच्याकडे तळणीला बसली. ख्रिस्ती माणसाला शोभेलसंच झालं ते. दुसऱ्या वर्षी बाईंचा हात ठणठणीत होता, तरी बोलावणं आलंच. मग चर्चच्या मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलजनांची बायको सुमित्रावहिनी. मग सुमित्रावहिनीची जाऊ, जी चर्चला वर्षातून एकदा यायची पण करंजीला वेळेवर हजर. बोट दिलं की हात धरतात म्हणतात, ते काही खोटं नाही.

सलोमी बालवाडीत शिकवायची. पोरं घरी गेली की ही कुणाच्या ना कुणाच्या चुलीपुढं. नाही म्हणायला तिला जमायचं नाही. नाही म्हटलं तर येशूला वाईट वाटेल असं तिला मनापासून वाटायचं. सुमित्रावहिनीला वाईट वाटेल असंही वाटायचं. या दोघांत ती फारसा फरक करत नसे, तिथंच बिचारीचं चुकत होतं.

स्वतःच्या घरचं तळण अगदी शेवटी, अंगात त्राण नसताना. नाताळ झाला की ती कागलला आईकडे जायची, डब्यात मोडक्या करंज्या घेऊन. चांगल्या तोवर वाटून संपलेल्या असायच्या.

"तुला दात न्हाईत न्हवं आई, तुकडे बरे पडतात," ती म्हणायची.

"व्हय, बरे पडतात," धोंडुबाई म्हणायची आणि खायची.

सत्त्याण्णव साली मात्र डिसेंबरच्या सुरुवातीलाच भाऊ सयाजी कागलहून आला. चहा घेतला नाही. आईनं अंथरूण धरलंय म्हणाला. डॉक्टर म्हणतात, हा नाताळ निघंल, फुडचं सांगता येत न्हाय.

"ती एकच धरून बसलीया," सयाजी म्हणाला. "सलोमीसंगं बसून एकदा करंज्या करायच्यात म्हणती. तुला मुरड तिनंच शिकवली की."

सलोमी त्याच पावली सुमित्रावहिनीकडे गेली. या वर्षी येणं व्हायचं नाही, एवढं एकच वाक्य तिनं रस्ताभर पाठ केलं होतं. ते तिनं दारातच म्हणून टाकलं, आईचं दुखणंही सांगितलं.

"अगं, आईसाठी आम्ही प्रार्थना करू की," वहिनी म्हणाल्या. "तू फकस्त नाताळच्या आधीच्या शनवारी ये. तीन किलो रवा आणून ठेवलाय. तुझ्यासारखी सेवाभावी बाई मंडळीत दुसरी न्हाय बघ."

सेवाभावी या शब्दाला अजून कुणाला उत्तर सापडलेलं नाही. सलोमी "बरं" म्हणाली आणि बाहेर पडली. रस्त्यात तिला रडू आलं. मग स्वतःचा राग आला. मग सुमित्रावहिनीचा आला, आणि तो आल्यावर जरा बरं वाटलं.

रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे प्रार्थनेचे विषय विचारले. ज्याला मागायचं असेल त्यानं उठून सांगायचं, पाळकसाहेबांनी तसंच देवापुढं ठेवायचं, बाकीच्यांनी आमेन म्हणायचं, ही तिथली रीत. विषय कुणाचा गाळायचा नाही, हीसुद्धा रीतच. एकानं मुलाची बदली मागितली. एकीनं गुडघा. मग सलोमी उभी राहिली.

"माझी आई धोंडुबाई कागलला आजारी हाय," ती म्हणाली. "मी उद्यापास्नं नाताळपतोर तिच्यापाशी राहणार. तवा मंडळीतल्या बहिणींना आपापल्या करंज्या आपण तळायचं बळ मिळावं. नावं सांगते."

आणि तिनं नावं सांगितली. सुमित्रावहिनी, त्यांची जाऊ, पुढच्या बाकावरच्या दोघी, सगळ्यात शेवटी पाळकसाहेबांची बायको. नाव एकही सुटलं नाही.

पाळकसाहेबांनी सवयीनं डोळे मिटले होते. आता उघडायचे कसे? त्यांनी एकेक बहीण नावानिशी देवापुढं ठेवली, तळणीसाठी बळ मागितलं. स्वतःच्या बायकोचं नाव आलं तेव्हा त्यांचा आवाज बराच खाली गेला. मंडळी आमेन म्हणाली. पुरुषांच्या बाजूनं जरा जास्तच जोरात आलं.

दारात सुमित्रावहिनीनं तिला गाठलंच.

"चारचौघांत असं काढतात व्हय?"

"तुम्हाला एकटीला सांगाय आलते की. तवा ऐकलं न्हाईसा." सलोमीनं पदर नीट केला. "थोडा राग हाय वहिनी तुमचा. जाईल तो. पण मी येणार न्हाय. शिकायचं असंल तर कागलला या, शिकवते. पीठ तेवढं भिजवून आणा."

येतील असं सलोमीला वाटलं नव्हतं. पण एका दुपारी सुमित्रावहिनी यस्टीनं कागलला आल्या, मांडीवर पिठाचा डबा घेऊन. घरी एक कढई तेल काळं करून झालं होतं म्हणे.

धोंडुबाई उशीला टेकून बसली होती, पुढ्यात पोळपाट. "ही कोण?" तिनं विचारलं.

"आमच्या वडीलजनांची मालकीण."

"असू दे. हात धू म्हणावं."

वहिनींची पहिली करंजी म्हातारीनं निरखून पाहिली आणि मोडायला लावली. दुसरीही मोडायला लावली. तिसऱ्या वेळी वहिनींच्या कपाळावर घाम आला. सलोमीचा हात आपोआप पुढं गेला. तिनं तो मागं घेऊन मांडीखाली घातला.

"अंगठा दाबून, मग वळवा," ती म्हणाली. "सावकाश."

पहिला घाणा उतरला. वहिनींची एक फुटली, बाकीच्या टिकल्या. सलोमीनं सवयीनं एक करंजी मोडली, तुकडे बशीत घातले आणि आईपुढं ठेवले.

धोंडुबाईनं बशीकडं बघितलं. हात लावला नाही.

"हे काय?"

"तुकडे. तुला दात..."

"दात न्हाईत, डोळं हाईत," म्हातारी म्हणाली. "साऱ्या गावाला अख्ख्या अन् मला चुरा. दरसाल बघत आले. दमून यायचीस, म्हणून बोलले न्हाय. अख्खी दे."

सलोमीनं घाण्यातली सगळ्यात चांगली करंजी निवडली, फुंकून गार केली आणि आईच्या दोन्ही हातांत दिली. तुकड्यांची बशी सुमित्रावहिनीनं न सांगता आपल्याकडं ओढून घेतली.

म्हातारी करंजीची मुरड ओठांत धरून भिजवत राहिली. दाताशिवाय अख्खी करंजी संपायला पुष्कळ वेळ लागतो. सलोमी शेजारी बसून राहिली. तिला कुठं जायचं नव्हतं.