तिसरा आग्रह

चूक माझीच. मी कुद्सी खानमना दोनदाच विचारलं.

साठ वर्षं इस्फहानात काढलेल्या बाईला हे कळत नव्हतं असं थोडंच आहे? पाहुण्याला काहीही विचारायचं तर तीनदा. पहिल्यांदा तो नको म्हणतो, दुसऱ्यांदाही नकोच म्हणतो, आणि तिसऱ्यांदा "आता तुम्ही इतकं म्हणताच आहात तर" म्हणत उठतो. याला आम्ही तारुफ म्हणतो. या तारुफपायी आमच्या देशातली निम्मी माणसं उपाशी उठतात आणि निम्म्यांना अजीर्ण होतं, पण सुटत नाही ते नाहीच.

कुद्सी खानम माझी मोठी जाऊ. करामत भाऊजी गेल्यापासून बिरजंदला एकट्याच असतात. काचबिंदूने उजवा डोळा गेला, डाव्याला धूसर दिसतं. त्याचंच ऑपरेशन इथल्या एका दवाखान्यात दुसऱ्या दिवशी सकाळी आठला होतं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, नजर राहील किंवा आहे तीही जाईल, निम्मी-निम्मी शक्यता धरा.

म्हणजे तो एक दिवस हातात होता. जेवणं झाल्यावर मी म्हटलं, "चौकात जाऊन येऊ या का? मशिदी बघाल, जरा मोकळं वाटेल."

"छे गं मेहरी, तुझे गुडघे दुखतात. कशाला उगीच?"

"गुडघ्यांचं काय, ते रोजचंच आहे. चला."

"नको नको. मी काय पाहिलं नाहीये का इस्फहान?"

इथे मी तिसऱ्यांदा म्हणायला हवं होतं. पण पोट भरलेलं, डोळ्यांवर झापड, आणि गुडघे खरंच ठणकत होते. "बरं बाई, तुमची मर्जी," म्हणाले आणि आडवी झाले.

अडीचला उठले तर खोली रिकामी. चपला नाहीत, अंगभर पांघरायची चादोर नाही. हातभर अंतरावरचं न दिसणारी बाई, आणि बाहेर आमच्या लोकांचं गाडी चालवणं! धावत खाली गेले. कोपऱ्यावरचा रोटीवाला म्हणाला, "त्या आजी ना? मीच टॅक्सीत बसवलं की. नक्शे जहान चौकात जायचंय म्हणाल्या."

"आणि मला हाक मारायला तुझ्या तोंडाला काय झालं होतं?" त्याच्यावर खेकसून मीही टॅक्सी पकडली.

चौकात ही गर्दी. हिरवळीवर सतरंज्या अंथरून घरंच्या घरं बसलेली, घोडागाड्यांच्या टापा, कारंज्यात भिजणारी पोरं. अर्धा चौक पालथा घातला. साडेचार वाजून गेले तेव्हा कुठे दिसल्या, आणि कुठे दिसाव्यात? यझ्दहून आलेल्या कुणा अनोळखी कुटुंबाच्या सतरंजीवर, मधोमध, हातात चहाचा पेला घेऊन. पाठ शेख लुत्फुल्लाच्या मशिदीकडे.

"हा पाचवा पेला," माझा आवाज ओळखून त्या कुजबुजल्या. "सोडवेनात गं. मी नको म्हटलं की ते ओततात."

"अहो, मग उठायचं ना!"

"एवढ्या प्रेमाने देतात. कसं उठू?"

जिवात जीव आला आणि लगेच राग आला. त्यांना हाताला धरून बाजूला आणलं आणि भर चौकात ओरडले, "काय करताय हे? यायचं होतं तर तोंडाने सांगता येत नव्हतं? आयुष्यात एकदा तरी, एकदा तरी मनातलं बोला!"

त्यांनी डोक्यावरची चादोर सारखी केली. मग म्हणाल्या, "मला मोर बघायचाय."

लुत्फुल्लाच्या घुमटाच्या आत, अगदी मधोमध, मोर आहे. ऊन ठरावीक जागेवरून आत आलं की ते घुमटावर लांब पसरतं आणि मोराला पिसारा फुटतो. आमच्या इथलं शेंबडं पोरही हे जाणतं.

"लग्नानंतर आम्ही आलो होतो," त्या म्हणाल्या. "या दाराशी हे म्हणाले, चल, तुला मोर दाखवतो. मी म्हटलं, नको, तुम्ही दमलात. मला वाटलं, परत विचारतील. पण करामत म्हणजे सरळ माणूस. बरं म्हणाले आणि मला आइस्क्रीम खायला घेऊन गेले. त्रेचाळीस वर्षं झाली, मेहरी. उद्यानंतर डोळा असेल की नसेल."

मला स्वतःचीच लाज वाटली. "मी तिसऱ्यांदा मुद्दाम विचारलं नाही," मी म्हणाले. "कंटाळा केला."

"माहीत आहे. मी दाराआड उभी राहून वाट बघत होते."

मी त्यांचा दंड धरला आणि मशिदीकडे चालू लागले. पाचाला दहा कमी होते. दारावरचा रखवालदार दोन्ही हात छातीशी नेत म्हणाला, "खानम, मशीद तुमचीच आहे, तुमचे पाय लागले हे आमचं भाग्य. पण तिकीट बंद झालं हो. उद्या या."

मी तोंड उघडणार तोच कुद्सी खानम म्हणाल्या, "माझीच आहे ना? देव तुझं भलं करो, बाळा." आणि सरळ आत शिरल्या.

तो बिचारा आ वासून बघतच राहिला. बोललेला शब्द कुणी खरा धरेल असं त्याच्या स्वप्नातही नसावं. "पाच मिनिटं हं, खानम!" एवढंच तो मागून म्हणाला.

आतला अंधारा, वळणाचा बोळ आम्ही भिंतीला हात लावत पार केला. घुमटाखाली आल्यावर त्या थांबल्या, मान वर केली, डोळा बारीक केला.

"पिवळं पिवळं दिसतंय," त्या म्हणाल्या. "मोर आहे?"

"आहे. मधोमध."

"आणि पिसारा?"

मी वर बघितलं. ऊन चौकापलीकडच्या 'आली कापू' या महालामागे उतरलं होतं. मोर होता, पिसारा नव्हता. यझ्दवाल्यांच्या पाच पेल्यांत आणि माझ्या झोपेत तो गेला होता. जिभेवर आलं होतं, आहे, काय सुंदर पसरलाय! आमच्यात कुणीही हेच म्हणालं असतं. मीही म्हणणार होते, पण त्यांनी माझं मनगट दाबलं.

"खरं सांग."

"नाहीये," मी म्हणाले. "ऊन गेलं. आपल्याला उशीर झाला, कुद्सी खानम. माझ्यामुळे झाला." आणि मला रडू फुटलं, आवरेचना. उद्या ज्यांचा डोळा जायची भीती त्या शांत, आणि धडधाकट डोळ्यांची मी हुंदके देतेय.

त्यांनी मला रडू दिलं. डोळे पुसायला चादोरीचं टोक पुढे केलं. मग वर बघतच म्हणाल्या, "शुक्रवारी मला इथे परत आणायचं. दुपारी, चांगलं ऊन असताना. तुझे गुडघे दुखोत नाहीतर तुटोत, मला काही सांगू नकोस. डोळा राहिला तर मी बघेन. गेला तर तू बघ, आणि आत्ता सांगितलंस तसंच खरं खरं सांग."