चार आधी की तीन आधी

समजा, तुम्ही जेवणाच्या टेबलाखाली बसला आहात. खोडरबर घरंगळलं म्हणून खाली शिरलात, ते सापडलंही, पण आता बाहेर यावंसं वाटत नाही. कारण वर कोणीतरी फारच हळू बोलतंय. इथून चेहरे दिसत नाहीत, नुसते पाय दिसतात. तर मग पायांकडेच नीट बघा.

खारूताई तशीच बसली होती. एका जागी टिकत नाही म्हणून घरात तिला सगळे खारूताईच म्हणत. आज मात्र ती हलली नाही. समोर आत्याची पावलं होती. आत्या फोनवर बोलत होती.

"चार अधिक तीन? तीन अधिक चार नाही ना? ...बरं. तू दोनदा पाहिलंस म्हणजे प्रश्नच मिटला."

आत्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत डॉक्टर होती. शरीरातून काढलेल्या गाठींचे पातळ काप काचपट्टीवर ठेवून ती सूक्ष्मदर्शकातून तपासायची. मागच्या महिन्यात आजोबांचं प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. पण घरच्या माणसाची काचपट्टी आपण बघायची नाही, असा तिथला रिवाज. म्हणून ती तिच्या मैत्रिणीने पाहिली होती.

आजोबांच्या सपाता घासत घासत आल्या. खुर्ची करकरली.

"काय म्हणतेय तुझी मैत्रीण?"

"सात, बाबा."

"म्हणजे ऑपरेशनच्या आधी होता तेवढाच आकडा की!"

"हो. बेरीज तेवढीच."

तेवढ्यात आत्याच्या पायाचा अंगठा आत वळला आणि फरशीला घट्ट चिकटून राहिला.

"वाढला नाही ना, सुटलो बुवा!" आजोबा म्हणाले. "मग मी चाललो डोंगरावर, मित्राकडे. चांगला वर्षभर राहतो. ते दर तीन महिन्यांनी रक्त तपासणं वगैरे आता पुरे. हातावर टोचायला जागा उरली नाही."

आत्याची पावलं वळली. स्वयंपाकघरात जाऊन तिने धुतलेला कप पुन्हा धुवायला घेतला.

खारूताई तिच्या मागोमाग गेली.

"आत्या, तू खोटं बोललीस."

"मुळीच नाही. सातच आहे."

"बिस्किटं संपली म्हणून सांगतेस ना, तेव्हा अगदी अस्सा आवाज काढतेस."

आत्याने नळ बंद केला. "टेबलाखाली होतीस वाटतं?"

"तीन अधिक चार काय नि चार अधिक तीन काय, उत्तर एकच. आजोबांनीच शिकवलंय मला. मग फोनवर परत परत का विचारत होतीस?"

आत्या हात पुसत ओट्याला टेकली. तिने दाराकडे एकदा बघून घेतलं.

"ही बेरीज वेगळी असते गं. निरोगी पेशी कशा, रिंगण करून शहाण्यासारख्या बसतात. बिघडलेल्या तसं बसत नाहीत. तीन नंबरच्या बिघाडात रिंगणं वेडीवाकडी, पण ओळखू येतात. चार नंबरच्यात ती मोडून एकमेकांत घुसलेली असतात. आणि जो बिघाड जास्त पसरलेला, त्याचा आकडा आधी लिहायचा."

खारूताईने बोटं उघडली, मिटली.

"म्हणजे आधी तीन जास्त होते. आता चार जास्त झालेत?"

"झाले नाहीत, होतेच. आधी सुईने चिमूटभरच काढलं होतं. ऑपरेशननंतर अख्खी ग्रंथी बघायला मिळाली, तेव्हा कळलं."

"मग आता आजोबांचं काय होणार?"

"ते नक्की कोणालाच सांगता येत नाही. आकड्यांवरून नुसता अंदाज येतो. तीन आधी असता, तर दुखणं परत येण्याची भीती कमी होती. चार आधी आला, म्हणजे ती वाढली. येईलच असं नाही. पण रक्त तपासत राहिलं तर आलेलं लवकर कळतं, आणि लवकर कळलं तर उपाय करता येतो."

"आणि ते डोंगरावर असतील तर?"

आत्याने हात पुसायचं फडकं घडी करून ओट्यावर ठेवलं.

"सांगणार आहे मी त्यांना. इतक्या दिवसांनी आज हसले गं. आजचा दिवस जाऊ दे."

"उद्याही ते हसतीलच की."

आत्याने नळ सोडला आणि तोच कप पुन्हा धुवायला घेतला.

आतल्या खोलीतून आजोबांचं गुणगुणणं ऐकू येत होतं. खारूताई दारात जाऊन उभी राहिली. पलंगावर जुनी बॅग उघडी पडली होती. आजोबा एकेक सदरा घडी करून तिच्यात ठेवत होते. वाकताना मधेच ते पोटावर हात दाबून थांबत, मग पुन्हा कामाला लागत.

"या खारूताई! काय आणू तुमच्यासाठी डोंगरावरून?"

तिच्या ओठांवर सगळं आलं होतं. तिने एकदा मागे पाहिलं. आत्या ओल्या हातांनी बोळकांडीत उभी होती, पुढेही येत नव्हती, मागेही जात नव्हती.

खारूताईने कोपऱ्यातली खुर्ची ओढत आणून पलंगाला लावली.

"आत्या, बस इथे," ती म्हणाली.

मग ती पलंगावर चढली, आजोबांच्या हातातला सदरा काढून घेतला आणि उघड्या बॅगेत, सदऱ्यांच्या घड्यांवर, मांडी घालून बसली.