काढून परत टाक

आवाज रेकॉर्ड करायचं ॲप लिहिलं त्याने, आणि त्यातल्या चुका शोधायचा त्याचा भागीदार, ज्याला सगळे भिंग म्हणत. ॲप लोकांच्या फोनमध्ये होतंच, पण त्याची नवी आवृत्ती ॲप स्टोअरने चार वेळा परत पाठवली होती. प्रश्न दरवेळी एकच: फोनमधल्या सगळ्या फायलींची परवानगी तुम्हाला कशाला हवी? आवाज ठेवायला, आणखी कशाला. पण हे सांगायचं कुणाला? समोर माणूसच नाही, नुसते साचेबंद ईमेल.

शेवटी मुदतीच्या दिवशी त्याने हात टेकले. परवानगी काढली आणि लोकांच्या फोनमधली सगळी रेकॉर्डिंग्ज ॲपच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये हलतील असं केलं. मंजुरी आली, पण चहा घशाखाली उतरतोय न उतरतोय तोच तक्रारी सुरू झाल्या. नवी आवृत्ती रेकॉर्डिंग्ज हलवायची आणि मग उघडायचीच नाही.

एका जागी बसवेना, म्हणून उभ्यानेच तो उत्तरं धाडत सुटला. या धंद्यातलं ठरलेलं औषध: ॲप काढून परत टाका. ताईचाही मेसेज होता. तिलाही तेच पाठवलं.

"अरे," भिंगने मान वर न करता विचारलं, "ॲप काढलं की ते फोल्डरही पुसलं जातं ना?"

त्याने ताईला फोन लावला. ताईच्या फोनमध्ये बाबांचा आवाज होता. घशाच्या ऑपरेशननंतर बोलता येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा बाबांनी पंधरा दिवस बसून नातीसाठी गोष्टी रेकॉर्ड केल्या होत्या. मध्येच खोकला, मध्येच ताईवर ओरडणं, सगळं त्यात होतं. ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता. दुसरी प्रत कुठेच नव्हती, कारण उद्या काढतो, उद्या काढतो म्हणणारा हाच शहाणा.

बाकीच्यांना थांबवायचं काम भिंगवर टाकून तो निघाला. ताई फोन उचलेना. प्रत्येक सिग्नल लाल, लिफ्ट वर अडकलेली. चार जिने तो धापा टाकत चढला.

ताईने हसतच दार उघडलं. "तुझा उपाय लागू पडला हं. लगेच उघडलं. फक्त गोष्टी दिसत नाहीयेत. येतील ना?"

त्याने फोन पाहिला. यादी कोरी होती.

"नाही येणार, ताई. मीच घालवल्या."

ताई मटकन खाली बसली. बाबा मात्र खुर्चीतून उठले. पोरांचं काही बिघडलं की आधी आपण पुढे व्हायचं, ही त्यांची जन्माची खोड. त्यांनी त्याच्या हातून फोन घेतला, चष्मा सावरला, लाल बटण दाबलं आणि पहिली गोष्ट पुन्हा सांगायला तोंड उघडलं. आपला आवाज गेलाय हे त्या घाईत ते साफ विसरले होते.

फोनवर सेकंद पुढे सरकत राहिले. आवाजाची रेघ सपाटच होती. रेकॉर्डिंग बंद करायला तिघांपैकी कुणाचाही हात पुढे झाला नाही.