फोटो असेल त्यालाच दार

माझा दादा राहतो त्या घराचं दार सहजासहजी उघडत नाही, कारण ते उघडायचं काम दादाचं आहे. घरात पाच जण राहतात. सगळे पन्नाशीच्या आसपासचे, सगळे जन्मापासून मतिमंद. हा शब्द तिथे कुणाला चालत नाही. आमच्या लहानपणी मात्र तो पत्त्यासारखा आमच्या घराला चिकटलेला होता. आंघोळीला, औषधाला, नखं कापायला प्रत्येकाला कुणाचा तरी हात लागतो. पण प्रत्येकाकडे एक जबाबदारीही आहे. एक जण कुंड्यांना पाणी घालतो, बाहेर पाऊस पडत असला तरी घालतो. एक बाई ताटं मांडते आणि मांडता मांडता सगळ्यांना झापते. दादाकडे दार.

दाराशेजारी भिंतीवर निळ्या कापडाचा फळा आहे आणि त्यावर घरात येणाऱ्या माणसांचे फोटो टाचलेले आहेत. पाळीपाळीने कामाला येणाऱ्या मुली, स्वयंपाकाच्या मावशी आणि आम्ही घरची मंडळी. बेल वाजली की दादा दाराच्या काचेतून आधी माणूस बघतो, मग फळा बघतो. फोटो असेल तर कडी काढतो. नसेल तर "फोटो नाही" म्हणतो आणि ताईंना हाक मारतो. ताई म्हणजे घर चालवणाऱ्या बाई. एकदा तपासणीला आलेले एक साहेब छातीवरचं ओळखपत्र काचेला लावून कितीतरी वेळ उन्हात उभे होते. फोटो होता, पण फळ्यावर नव्हता. दादा बधला नाही. मला तो दिवस फार आवडतो.

फळ्यावरून फोटो उतरतो तो एकाच प्रसंगी. कुणी नोकरी सोडून चाललं की शेवटच्या दिवशी सगळ्यांसोबत चहा होतो, जाणारा प्रत्येकाच्या हातात हात देतो, आपला फोटो स्वतःच्या हाताने काढून खिशात घालतो आणि पुढच्या दाराने निघून जातो. परत भेटायला म्हणून यायचं नाही, हा ताईंचा नियम. पूर्वी एक मुलगी न सांगता गेली, तर घरातल्या एकाने जेवण सोडलं होतं म्हणे. तेव्हापासून ही पद्धत. मला सुरुवातीला ती फार कोरडी वाटायची. पण व्यायाम घेणारे सर गेले तेव्हा मी हजर होते. दादाचा त्या सरांवर जीव. सरांनी फोटो काढला, हात मिळवला, गेले. दादा रिकाम्या जागेवर बोट ठेवून म्हणाला, "सर गेले." आणि बिस्किट खाल्लं. पुन्हा कधी त्याने त्यांची वाट पाहिली नाही.

हे आईनेही पाहिलं होतं आणि पक्कं डोक्यात ठेवलं होतं, ते मला नंतर कळलं.

आईला वाट पाहण्याची धास्ती होती, आणि त्याला कारण होतं. बाबा गेले तेव्हा नातेवाईकांच्या सल्ल्याने दादाला सांगितलं, बाबा बाहेरगावी गेलेत. मग रोज संध्याकाळी, बाबांच्या यायच्या वेळी, दादा चपलांच्या कपाटाशेजारच्या स्टुलावर जाऊन बसायचा. "बाबा?" तो विचारायचा. "येतील," आई म्हणायची. हे किती वर्षं चाललं ते मी सांगत नाही, सांगितलं तर खोटं वाटेल. आई पोळपाटावर हात थांबवून "येतील" म्हणायची आणि मग तिला जेवण जायचं नाही.

म्हणून डॉक्टरांनी आम्हाला खुर्चीत बसवून, पाण्याचा ग्लास पुढे सरकवून, आईचे आता थोडेच आठवडे म्हणून सांगितलं, तेव्हा आई रडली नाही. जिन्यात मला म्हणाली, "त्याला वाट बघायला लावून मी मरणार नाही."

"म्हणजे काय करणार आहेस?"

"माझा फोटो काढून आणणार."

माझं डोकंच फिरलं. "आई, तू काय तिथे नोकरीला आहेस?"

"जन्मभर त्याचीच तर नोकरी केली," ती म्हणाली. "निवृत्त होते आता."

हिला असल्या वेळी विनोद सुचतात. मी ताईंकडे गेले, म्हटलं तुम्ही तरी समजवा. ताईंनी समजावलंही. म्हणाल्या, "काकू, ती पद्धत आमच्यासाठी आहे. आम्ही पगारी माणसं. येतो, जातो. तुमचं तसं कसं करायचं?" आई हट्ट सोडेल तर ती आई कसली. शेवटी ताईंनी हात टेकले.

तो रविवार मला नको म्हटलं तरी आठवतो. आईने इस्त्रीची साडी नेसली होती. नेहमीसारखी नासपतीच्या फोडींचा डबा घेऊन आली होती, सालं काढून, कारण सालं दादाच्या टाळूला चिकटतात. चहा झाला. कुंड्यावाला आणि ताटंवाली यांनी आईच्या हातात हात दिला. दादाची पाळी आली तेव्हा तो आधी हसला, त्याला वाटलं आई खेळतेय. मग आई उठली, फळ्याजवळ गेली आणि टाचणी काढायला लागली. तिची बोटं सुजलेली होती, टाचणी निघेना. मी पुढे झाले तर तिने माझा हात झटकला. फोटो निघाला, पर्समध्ये गेला. दादाचं हसू थांबलं. त्याने हात पुढे केला आणि त्याला शिकवलंय तसं म्हणाला, "थँक्यू. या."

"येते," असं आई म्हणणार होती. जन्माची सवय. तोंडातून अर्धा शब्द निघालाही. मग ती म्हणाली, "जाते रे राजा." दार त्यानेच उघडलं. गाडीत बसेपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही आणि नंतर सबंध रस्ताभर माझा हात सोडला नाही. मला गिअर बदलायला त्रास होत होता, पण मी तो सोडवून घेतला नाही. मला तिचा भयंकर राग आला होता आणि ती माझ्या डोळ्यांदेखत संपत होती.

आणि मग ती मेलीच नाही.

नवीन गोळ्या लागू पडल्या म्हणा किंवा डॉक्टरांचा अंदाज चुकला म्हणा. ते आठवडे उलटले. आई आधी उठून बसायला लागली, मग चालायला, मग माझ्या स्वयंपाकात चुका काढायला. "भाजी आज गोड केलीस का?" म्हणाली, तेव्हा मी ओळखलं की हिचा मुक्काम वाढला. डॉक्टर म्हणाले, बरं होणं नाही, पण वेळ मिळालाय. लोकांना आनंद होतो अशा वेळी. आम्हालाही झाला. पण रविवार आला की आई सकाळीच नासपती सोलायला बसायची, अर्धी सोलून झाल्यावर तिच्या लक्षात यायचं, आणि त्या फोडी आम्ही दोघीच खायचो.

मी म्हटलं, "चल ना जाऊ. आहेस ना जिवंत?"

"आज जाईन. मग खरी मरेन तेव्हा?" ती म्हणाली. "तो म्हणेल, मागेही गेली होती आणि आली. मग बसेल स्टुलावर."

ताईंना विचारलं तर त्याही म्हणाल्या, "काकूंचं म्हणणं खोटं नाही. परत आलेलं माणूस पुन्हा परत येऊ शकतं, हे एकदा कळलं की झालं. आणि बाकीचे चौघंही बघतायत." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण मला विचाराल तर मला झोप लागत नाही." दादा कसा आहे म्हटलं तर म्हणाल्या, ठीक. जेवतो. दार सांभाळतो. मी एकटीच जायचे. तो आईचं नाव काढायचा नाही, आणि मी हे घरी येऊन सांगितलं की आई म्हणायची, "बरं झालं." आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायची.

एका रविवारी आईने गाडीत बसून त्याला लांबून बघायचं ठरवलं. संध्याकाळी ताई सगळ्यांना दूध आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात नेतात. आम्ही समोरच्या फुटपाथला गाडी लावली. सगळे बाहेर पडले. दादाच्या हातात दुधाची पिशवी, शर्टाची बटणं सगळी जागच्या जागी. घरी असताना ती आई लावायची. "कुणी लावली?" तिने विचारलं. मी म्हटलं, तोच लावतो आता, शिकवलंय. मंडळी दूध घेऊन आली, आत गेली, दार लागलं. झालं, म्हणून मी किल्ली फिरवली आणि बघते तर शेजारची जागा रिकामी. बाईसाहेब रस्ता ओलांडून पलीकडे.

मी पळत गेले तोवर तिने बेल वाजवली होती. काचेत दादाचा चेहरा आला. त्याने आईकडे पाहिलं. मग मान वळवून फळ्याकडे पाहिलं. पुन्हा आईकडे.

"फोटो नाही," तो म्हणाला.

आईने मान डोलावली. "शहाणा गं माझा," माझ्याकडे न बघता म्हणाली. "बघ. कळलंय त्याला. आता ताईंना हाक मारेल, मग आपण जाऊ." पर्स तिने छातीशी दोन्ही हातांनी धरली होती. फोटो त्याच पर्समध्ये होता, मला ठाऊक होतं.

आम्ही थांबलो. त्याने हाक मारली नाही. तो काचेपासून हललाही नाही. आतून ताटंवालीचा आवाज येत होता, दूध ठेव, दूध ठेव, आणि पिशवी त्याच्या हातातच होती. फोटो नसलेल्या माणसासाठी त्याने दार उघडलं नाही. पण त्या माणसाला तो सोडूनही जाईना. तो उभा राहिला, आणि त्याचा चेहरा मी ओळखला. स्टुलावर बसायचा तेव्हाचा चेहरा. आईने तो माझ्याआधी ओळखला असणार.

"हा बघतच होता की गं वाट," ती म्हणाली. एवढा बारीक आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. "इतके दिवस बघतच होता."

तिने पर्स उघडली आणि फोटो दारातल्या टपालाच्या फटीतून आत सरकवला.

दादा खाली वाकला. मग बराच वेळ काचेत नुसतंच वरचं छत दिसत होतं. टाचण्यांची डबी ताईंकडे असते, त्यांना त्याने आता हाक मारली. ताई आल्या, काचेतून आम्हाला पाहिलं आणि तोंडावर पदर धरला. दादाने फोटो जागेवर टाचला. एकदा तपासून घेतला. मग कडी निघाली.

"उशीर," तो आईला म्हणाला.

आई त्याला धरून जशी रडली तशी रडताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. तो बिचारा दुधाची पिशवी सांभाळत उभा.

त्यानंतरचे रविवार आईने एकही चुकवला नाही, चालता येईनासं झालं तेव्हा खुर्चीवरून गेली. पुढे दवाखान्यात ती वारली तेव्हा मी त्याला तिथे आणलं. ताईंनी मला आधीच बजावलं होतं, "देवाघरी गेली म्हणू नका. पत्ता विचारेल. साधं सांगा." मी साधं सांगितलं. आई मेली, दादा. त्याने तिच्या गालाला हात लावला, "गार" म्हणाला, आणि स्वतःच्या स्वेटरची बटणं काढायला लागला. तो स्वेटर आईच्या अंगावर घालून मगच आम्ही निघालो.

फोटो काढायचं ताईंनीही सुचवलं नाही. तो तिथेच आहे. आईला ज्याची भीती होती तेच झालं. मी रविवारी बेल वाजवते. दादा काचेतून मला बघतो, फळा बघतो, कडी काढतो आणि माझ्या खांद्यावरून मागे पायरीकडे बघतो.

"आई?"

"आई मेली, दादा. आई येणार नाही."

"येतील" मी एकदाही म्हटलेलं नाही. तो सगळं नीट ऐकून घेतो, मान हलवतो. माझ्या हातातला डबा घेतो. दार लावतो. आणि मग पुन्हा एकदा उघडून बघतो.