पेन्सिलीची खूण

"खांदा सोडा हो! कानाला लावून काय बसलाय?" व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या.

रंगाऱ्याने खांदा सैल सोडला. दवाखान्याच्या भिंतीवरून त्याची बोटं खेकड्यासारखी चढत गेली, थेट डोक्याच्या वर. मॅडम खूश झाल्या, मग विचारात पडल्या.

"इथे हात जातो. घरी का जात नाही?"

"घरची भिंत उंच असेल."

मॅडम हसल्या नाहीत. "घरी काही ताण आहे का? माणूस मनातून आवळला की खांदाही आवळतो. मग कितीही व्यायाम करा, पालथ्या घड्यावर पाणी."

त्याने हात खाली घेतला. ताण काय, विटांनी बांधलेला होता. आईच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून दोघा भावांचं वाजलं आणि आई गेल्यावर घराच्या मधोमध भिंत उभी राहिली. दोघेही रंगारी. जगाची घरं रंगवली, पण ही भिंत दोन्हीकडून तशीच उघडी, कारण आधी दुसऱ्याने रंगवावी असं दोघांचंही म्हणणं. पूर्वी छत थोरला रंगवायचा, शिडी धाकटा धरायचा. आता खांदा धरला आणि थोरल्याचं छताचं काम सुटलं. हात वर गेला नाही तर धंदाच संपला.

घरात व्यायामाला मोकळी भिंत तेवढी ती मधलीच. हात पोचतो तिथे बायकोने पेन्सिलीने खूण केली होती. आजही बोटं तिथवरच गेली आणि अडली.

"एकदा बोला ना भाऊजींशी," बायको म्हणाली. "हातासाठी तरी."

"त्याने बोलावं. लहान आहे तो."

खरं तर त्याला फार बोलायचं होतं. सुरुवात कुठून करायची, तेच सुचत नव्हतं. बायको आत गेल्यावर त्याने मूठ वळली. टकटक करावी, एवढंच. पुढचं पुढे.

तेवढ्यात पलीकडे शिडी खडखडली. एक पाय आखूड असलेली, त्यांची दोघांची शिडी. धाकट्याने छत रंगवायला कुणी दुसरा रंगारी आणला होता.

"चढा तुम्ही बिनधास्त," धाकटा त्या नव्या माणसाला म्हणाला. "मी धरलीय."

याच शब्दांच्या भरवशावर थोरला उभा जन्म छतापर्यंत चढला होता. मूठ भिंतीला टेकून तशीच राहिली, पेन्सिलीच्या खुणेच्या बरीच खाली.